धुतलेली बाजू

मला तबकड्यांची भीती वाटते. घरात साडेतीनशे एलपी रचून ठेवलेल्या माणसाने हे म्हणणं विचित्र वाटेल, पण आहे ते असं आहे. मे महिन्यात पारा चढला की लोक स्वतःच्या जिवाला जपतात, मी शेल्फापुढे जाड पडदा ओढतो, कारण उन्हाने तबकडी वाकते आणि वाकलेली तबकडी परत सरळ होत नाही. कुरियरवाल्याने खोकं दारात जरा जोरात टेकवलं तरी मी ते त्याच्यासमोरच उघडून बघतो. आणि सुई टेकवायची वेळ आली की उजवा हात थरथरतो, म्हणून मी डाव्या हाताने त्याचं मनगट धरतो. बायको हे रोज बघते. ‘गाणं लावताय की बॉम्ब निकामी करताय?’ असं एकदा म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

भीती ही माझी नोकरीच होती. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. समोर आलेला भाग भिंगाखाली धरायचा, त्यात केसाएवढी चीर आहे का बघायची, नसेल तर सही करायची. माझी सही झाली की तो भाग आकाशात जायचा आणि त्याच्याबरोबर एक माणूसही जायचा. न घाबरणारा तपासनीस काय कामाचा? साहेब लोक माझं कौतुक करायचे ते या एकाच गुणासाठी. रिटायर झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, पण तेहतीस वर्षं पोसलेल्या भीतीचं पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. तिला काहीतरी काम हवं होतं. ते तबकड्यांनी दिलं.

या छंदात मी उशिरा आलो आणि नव्या दाराने आलो. माझ्याकडच्या सगळ्या तबकड्या गेल्या दहा-बारा वर्षांत छापलेल्या आहेत. जुन्या हिंदी सिनेमांची गाणी, गझला, परदेशी रॉक, जॅझ, एके काळी आम्ही गणपतीत ज्यावर नाचायचो ती डिस्को, हे सगळं आता पुन्हा नव्याने छापून येतं. रिइश्यू म्हणतात त्याला. मूळ तबकडी पन्नास वर्षांपूर्वीची, ही कालची. शिवाय आजच्या गायक-गायिकांचे नवे अल्बम आहेत. त्यातला एक लालभडक आहे, एक दुधासारखा पांढरा आणि एक इतका पारदर्शक की खालचा टेबलक्लॉथ दिसतो. बहुतेकांच्या वेष्टनावर सोनेरी स्टिकर असतं, ‘१८० ग्रॅम’. जड तबकडी म्हणजे उत्तम तबकडी, हे मी त्या स्टिकरांवरून शिकलो. जुन्या बाजारातल्या किंवा कोणाच्या माळ्यावरून काढलेल्या तबकड्यांना मी हात लावत नसे. त्यांना बुरशी असते, चरे असतात, दहा जणांच्या बोटांचा मळ असतो. मला पहिल्यापासून कोरं आवडतं.

माझा एक नियम आहे. धुतल्याशिवाय सुई नाही. तबकडी अगदी नवी असली तरी वेष्टनाच्या कागदाची धूळ तिच्या रेघांत बसलेली असते आणि सुई फिरली की ती आणखी आत दाबली जाते. म्हणून मी धुण्याचं मशिन घेतलं. तबकडी त्यावर सावकाश फिरते, आपण द्रव ओतायचा, मऊ ब्रशने पसरायचा, मग एक नळी सगळं ओढून घेते. द्रव मी घरीच करतो. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग स्पिरिट, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेखाली सही. कारखान्याची सवय ती. नाशिकमध्ये हा नाद असलेले आम्ही आठ-दहा जण आहोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे आपापली नवी खरेदी घेऊन माझ्याकडे येतात आणि आधी ती धुऊन घेतात. माझ्या मशिनला त्यांनी न्हाणीघर नाव ठेवलंय. वरवर मी चिडतो, पण मला ते नाव आवडतं.

ज्या कंपनीकडून मी रिइश्यू मागवतो ती अगदी छोटी आहे, मुंबईची, आणि तिचा मालक स्वतः फोन उचलतो. फोनवर बोलून बोलून आमची ओळख झाली. गेल्या हिवाळ्यात त्याचाच मला फोन आला. आमच्या भागातल्या जुन्या जलशांची गाणी, जी वस्त्या-वस्त्यांत जयंतीच्या मंडपात गायली जायची, ती जमवून तो एक एलपी काढणार होता. दहा गाणी मिळाली होती. उरलेली दोन एकाच तबकडीच्या दोन बाजूंना होती आणि ती तबकडी काही केल्या सापडत नव्हती. शेवटी सापडली ती सायखेड्याला, गाणाऱ्या बाईंच्याच घरी.

‘तुम्ही आणून ठेवाल का?’ त्याने विचारलं. ‘सोमवारी मी नाशिकला येतोच आहे. फक्त आणून ठेवा, बाकी काही करू नका.’

शेवटचं वाक्य त्याने मला त्रास नको म्हणून घातलं, असं मी समजलो.

गुरुवारी एसटीने सायखेड्याला गेलो. बाई निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, गोदावरीच्या काठापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. जलशाचं पथक त्याचंच. गाणी तो जुळवायचा, पण कागदावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. बाईंनी पत्र्याची पेटी उघडली, एका जुन्या लुगड्याची घडी उलगडली आणि आतून तबकडी काढून माझ्या हातात दिली. ती हातात घेताच माझ्या मनात आलं, वा, चांगली जड आहे. लेबल कसरीने खाल्लं होतं. वेग, कंपनी, क्रमांक, काहीच वाचता येत नव्हतं. एका बाजूला बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं.

‘एका बाजूला ते हायत, दुसऱ्या बाजूला मी,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांचं गाणं मला सगळं पाठ हाय. माझ्या गाण्याची दोन कडवीपण पाठ हायत. तिसरं नाय.’

‘तिसरंच का नाही?’

‘ते एकदाच म्हटलं ना मी.’ त्या पेटीच्या झाकणावर हात ठेवून बोलत होत्या. ‘एकोणीस वर्षांची होते. लग्नाला वर्ष झालेलं आणि हे मला मॅट्रिकला बसवायला निघालेले. गाणंपण त्यावरच, बायको पाटीवर लिहायला बसते असं. मुंबईला रेकॉर्डिंगला गेलो तर गाणं आखूड पडलं. तिथला साहेब म्हणाला, अजून एक कडवं पाहिजे. यांनी चहा पिता पिता जुळवलं आणि माझ्या कानात सांगितलं. मी एकदा गुणगुणले, लगेच लाल दिवा लागला. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीत त्यांनी माझं नाव घातलेलं. सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर. मी इतकी लाजले की बाहेर आल्यावर एक शब्द आठवला नाय.’

‘आणि नंतर ऐकलं नाही?’

‘आमच्याकडं मशिन कुठलं? मंडपवाल्याने जयंतीला दोनदा लावली. दोन्ही वेळा मी घरात पळाले. यांना मी विचारायचे तर म्हणायचे, तबकडी हाय ना, ऐक कधीतरी.’

मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, वर्गात शेवटच्या बाकावरच्याकडे बघतात तसं.

‘भाऊ, मला बाकी काय नको. माझ्या नावाला त्यांनी यमक कशाचं जुळवलं होतं, तेवढं मरायच्या आधी ऐकायचंय.’

मी म्हटलं, ऐकाल. शिवाय न्हाणीघराचं सांगितलं. तुमच्या तबकडीला अशी आंघोळ घालतो की आवाज काल गायल्यासारखा येईल, असंही म्हणालो. बाई हसल्या. ‘उजेडात निघा, उसात बिबट्या हाय,’ म्हणाल्या. येताना एसटीत मी तबकडी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो आणि प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखला. बिबट्यालाही घाबरलो, गाडीच्या खिडकीतूनच. मला तेव्हा वाटत होतं की धोका रस्त्यात आहे आणि घरी पोचलो की संपला.

शुक्रवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी मशिन पुसून घेतलं.

‘त्यांनी काही करू नका सांगितलंय ना?’ बायको म्हणाली.

‘धुळीने भरलेली तशीच पुढे पाठवू? लोक काय म्हणतील?’

कोणते लोक, ते तिने विचारलं नाही. मी तबकडी मशिनवर ठेवली. दोन बाजूंपैकी आधी कोणती, यावर जरा विचार केला आणि बाईंची बाजू वर घेतली. बाईंचा मान पहिला. लेबलाचा कागद आधीच जीर्ण, तो भिजू नये म्हणून त्याच्याभोवती बोटभर जागा सोडायची असं ठरवलं. मग द्रव ओतला आणि ब्रश टेकवला.

पहिल्याच फेरीत काळं निघायला लागलं. इतका मळ मी आयुष्यात बघितला नव्हता. नव्या तबकड्यांचा द्रव जाताना असतो तसाच परत येतो, इथे शाईसारखं काळं पाणी नळीतून चाललं होतं. मला केवढा आनंद झाला. मी आणखी द्रव ओतला, ब्रश जरा दाबून धरला, पुन्हा काळं आलं. तिसऱ्यांदा ओतला. बायकोला हाक मारली. ‘बघ, साठ वर्षांचा मळ.’ ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘वास कसला येतोय?’

तोपर्यंत मला वास आला नव्हता. तिने विचारलं आणि आला. आणि तो वास कशाचा हे मला तिच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

माझे वडील पॉलिशवाले होते. भद्रकालीतल्या एका फर्निचरच्या दुकानामागे ते कपाटांना, पलंगांना पॉलिश करायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. त्यांच्याकडे चपडा लाखेचे पातळ तांबूस तुकडे असत. ते बाटलीत घालून वर स्पिरिट ओतायचे, बाटली उन्हात ठेवायची, की संध्याकाळपर्यंत लाख विरघळून पॉलिश तयार. लाख पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिट लागलं की जागची हलते, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. वडिलांच्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्यालाही तो वास असायचा. तो वास साठ वर्षांनी माझ्या हॉलमध्ये पसरला होता.

त्या काळात लाखेच्या, जास्त वेगाने फिरणाऱ्या तबकड्या निघत. हेही मला माहीत होतं. वाचलेलं होतं, त्या आजच्या व्हिनाइलच्या तबकड्यांपेक्षा जड असतात हेही वाचलेलं होतं, त्यांना स्पिरिट लावू नये हेही. रविवारच्या मंडळींना मीच एकदा ते ऐकवलं होतं. पण आयुष्यात लाखेची तबकडी हातात आली नव्हती, आणि जड लागली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते सोनेरी स्टिकर आलं. ते काळं पाणी मळ नव्हता. ती तबकडी होती. बाईंचं गाणं मी ब्रशने खरवडून नळीत घातलं होतं.

मी मशिन बंद केलं. कडेपासून आतपर्यंत तबकडीची सगळी चकाकी गेली होती, शाळेतला फळा पुसल्यावर दिसतो तशी ती दिसत होती. लेबलाभोवती बोटभर पट्टा तेवढा चमकत होता, जिथे मी ब्रश नेला नव्हता. पण तो बघून धीर यावा अशा स्थितीत मी नव्हतो. मी खाली फरशीवर बसलो आणि बायकोने पाणी आणून दिलं ते ग्लासातून सांडलं.

कारखान्यात तेहतीस वर्षं मला एकच स्वप्न पडायचं, की मी सही केली आणि चीर राहिली. ती कधी राहिली नाही. आता राहिली होती. शिवाय त्या बाटलीवर माझीच चिठ्ठी होती, माझीच सही.

शुक्रवारचा उरलेला दिवस मी खोटं काय सांगता येईल याचा विचार करण्यात घालवला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. लुगड्याने घासून झिजली होती, असं सांगता येईल. आधीपासून अशीच होती, बाईंना कमी दिसतं, असं सांगता येईल. एसटीत कोणी धक्का दिला आणि तुटली, असं सांगायचं तर ती आधी तोडावी लागेल. तोही विचार मी केला. तबकडी हातात घेऊन पाचएक मिनिटं उभा होतो. मग दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान आहेत हे आठवलं आणि इतका घाबरलो की तिला उशांच्या मध्ये ठेवून कपाट बंद केलं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. बाईंचा नंबर होता.

‘झाली का आंघोळ?’ त्यांनी विचारलं.

‘झाली.’

‘निघाला का मळ?’

‘निघाला, बाई.’

‘मग ऐकलं का? कशाचं यमक हाय?’

‘ऐकायचं मशिन मुंबईला आहे. माझ्याकडे त्या वेगाचं नाही.’

‘बरं बरं. मला काय, घाई नाय. साठ वर्षं थांबले.’ मग म्हणाल्या, ‘काल मला झोपच नाय आली, भाऊ. पोरीसारखं झालंय.’

मी फोन ठेवला. एकही शब्द खोटा बोललो नव्हतो आणि सगळंच खोटं होतं. बायको समोर भाजी निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, ‘सोमवारी तो माणूस येईल. तो बघेल आणि तो सांगेल तिला. त्याच्याआधी तुम्ही सांगा.’

‘काय सांगू?’

‘जे झालं ते. दुसरं काय सांगणार?’

रविवारी मी पुन्हा सायखेड्याची एसटी धरली. तबकडी पिशवीत, पिशवी मांडीवर. रस्त्याने द्राक्षबागा गेल्या, ऊस गेला, आणि मला बिबट्या आठवलाही नाही. एकदा वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरावं आणि परत जावं. एका थांब्याला उठलोसुद्धा. कंडक्टर म्हणाला, ‘काका, सायखेडा अजून लांब हाय, बसा.’ मी बसलो.

बाई ओट्यावरच होत्या, धुतलेली साडी नेसून. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, कारण त्यांना वाटलं मी ऐकवायला आलोय. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटली, स्पिरिट, काळं पाणी, वडिलांचं पॉलिश. वडिलांचं कशाला सांगितलं कोण जाणे. आवाज इतका कापत होता की मधेच त्या म्हणाल्या, ‘हळू बोला, नीट बोला.’ मी परत पहिल्यापासून सांगितलं.

त्यांनी तबकडी काढून उजेडाकडे धरली. पुसलेली बाजू बघितली, उलटून दुसरी बघितली.

‘कुठली गेली?’

‘तुमची.’

‘त्यांची हाय ना?’

‘आहे. तिला मी हात लावलेला नाही.’

मग बाई त्या मंद पडलेल्या बाजूवरून बोट फिरवत राहिल्या, जणू हाताने वाचता येईल. ‘मला राग आलाय, भाऊ,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘लय आलाय. माणूस आपल्या हुशारीने दुसऱ्याचं कसं वाटोळं करतो बघा.’ आणि आत जाऊन त्यांनी चहा केला. मी तो प्यायलो, कारण नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजपर्यंत म्हणाल्या नाहीत, आणि मीही मागितलेलं नाही.

सोमवारी कंपनीचा मालक आला, तबकडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सांगितलं होतं.’ एवढंच. मग त्याने भिंग मागितलं. लेबलाभोवतीचा तो चमकता पट्टा त्याने बराच वेळ बघितला. तबकडी बाहेरून आत वाजते, शेवटचा भाग लेबलाजवळ असतो. ‘अगदी शेवटी काही असेल तर असेल,’ तो म्हणाला आणि तबकडी घेऊन गेला.

पुढचे पंधरा दिवस मी त्या बोटभर जागेवर जगलो. ब्रश फिरवताना माझा हात नेमका कुठे थांबला होता, हे मी रोज कागदावर काढून बघायचो. तिसरं कडवं चार ओळींचं असेल तर त्या चार ओळींना किती जागा लागेल? कधी हिशेब जुळायचा, कधी एका ओळीने हुकायचा. नेमकी पहिली ओळ हवी होती आणि तीच सगळ्यात बाहेर होती. जेवताना माझा हात थांबायचा. रविवारच्या मंडळींना मी तब्येतीचं कारण सांगून येऊ दिलं नाही. न्हाणीघरावर चादर टाकून ठेवली होती.

मग मालकाने मोबाइलवर फाइल पाठवली. मी ती एकट्याने ऐकली नाही. ऐकण्याची भीती वाटली हे एक, आणि त्यांच्याआधी ऐकण्याचा मला हक्क नव्हता हे दुसरं. बायकोला बरोबर घेऊन सायखेड्याला गेलो, छोटा स्पीकर बाईंच्या पेटीवर ठेवला आणि बटण दाबलं.

नुसती खरखर. खूप लांबून ढोलकीचा ठेका असल्याचा भास, मग तोही गेला. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दोन मिनिटं गेली, अडीच गेली. मला वाटलं संपलं, काही नाही. आणि त्या खरखरीतून एकदम एक मुलगी गायला लागली.

‘दिवा गेला तर जाऊ दे, चांदणं हाय दारी,
तुझ्या पाटीवर वाचायला येईल आळी सारी.’

मग ढोलकीची एक थाप आणि शेवट. आवाज स्वच्छ होता, थोडा घाबरलेला, आणि शेवटच्या शब्दाला त्यात हसू होतं. बायकोने डोळ्याला पदर लावला.

‘मीच हाय,’ बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘नाव याच्या आधी होतं.’

‘हो.’

‘पुन्हा लावा.’

मी सहा वेळा लावलं. त्या दोन ओळी ऐकून आधीच्या दोन आठवतील अशी आम्हा तिघांनाही आशा होती. बाईंचे ओठ हलायचे, अगदी तोंडाशी आल्यासारखं व्हायचं आणि राहून जायचं. सहाव्या वेळेनंतर त्यांनीच हात वर केला.

एलपी निघायचा होता, तेव्हा मालकाने मार्ग काढला. पहिली दोन कडवी बाईंनी आता पुन्हा गायची आणि त्यांना पुढे जुन्या तबकडीतलं तिसरं कडवं उरलंय तसं जोडायचं. नाशिकमधल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. मी काचेच्या बाहेर उभा होतो, त्यांना ठसका लागेल, चक्कर येईल, काहीतरी होईलच या भीतीने खांबाला धरून. काही झालं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आवाजात त्या दोन कडवी नीट गायल्या. मालकाने विचारलं, तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीची खरखर काढून टाकायची का? कॉम्प्युटरवर सहज निघते, कोणाला कळणारही नाही.

‘राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘त्यात माझं नाव हाय.’

गेल्या महिन्यात एलपी आला. बाईंकडे मशिन नाही, म्हणून त्या माझ्याकडे आल्या, सकाळच्या एसटीने, हातात पेरूंची पिशवी. बायकोने पोहे केले. मी वेष्टन उघडलं. वर तेच सोनेरी स्टिकर होतं, १८० ग्रॅम. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं छापली आहेत, गाणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची, जुळवणाऱ्यांची. माझं नाव त्यात नाही, आणि ते बरोबर आहे. पण त्या तबकडीवर बारा सेकंदांचं काम माझंही आहे.

तबकडी हातात घेतली आणि सवयीने न्हाणीघराकडे वळलो. बाईंनी मशिनकडे बघितलं. मी तिथूनच मागे फिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा न धुता सुई टेकवली.

त्यांच्या यजमानांचं गाणं झालं. मग त्यांचं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, दमदार म्हातारा आवाज. मग खरखर आली. बाई खुर्चीत पुढे झुकल्या, उजव्या कानामागे हात धरला. मीही झुकलो. मला माहीत होतं तिथे काय आहे, मीच केलेलं होतं ते, तरी मी श्वास धरून ऐकत होतो, या खेपेला एखादं अक्षर तरी येईल म्हणून. मग मुलगी गायली, हसली, ढोलकीची थाप पडली.

‘नाय आलं,’ बाई म्हणाल्या. ‘पुन्हा लावा.’

मी डाव्या हाताने मनगट धरलं आणि सुई मागे नेली.